बिनलेबलची डबी

नांदेड, २७ जानेवारी २०१६

अण्णा,

लायसन्सच्या नूतनीकरणाचा फॉर्म मिळाला. पाकिटात सोबत एक ओळसुद्धा नव्हती. सही करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारलेली, बस्स. तीन वर्षांनी भावाकडून आलेली ती फुली मी बराच वेळ पाहत बसले.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. दुकानाच्या पत्त्यावर पाठवते, म्हणजे पोस्टमन गिऱ्हाइकांदेखत हातात देईल आणि तुला घ्यावं लागेल. पत्त्यात मी 'जि. लातूर' असंच लिहिलंय. दुकानाच्या पाटीवर तू आधीच 'जि. उदगीर' रंगवून घेतलंस असं ऐकलं. सव्वीस जानेवारीला नव्या जिल्ह्याची घोषणा होणार म्हणून तुमच्या कृती समितीनं पेढेही आणून ठेवले होते म्हणे. घोषणा तर झाली नाही.

सही मी केलेली नाही. दुकान अप्पांचं, चालवतोस तू, पण भिंतीवर फार्मासिस्ट म्हणून नाव माझं आहे. अप्पा गेले तेव्हा लायसन्स टिकवायला घरात कुणीतरी डी. फार्म. झालेलं लागत होतं. तू बारावीतच अडकला होतास, म्हणून मला लातूरच्या कॉलेजात घातलंस. मी इथं नांदेडला येऊन तीन वर्षं झाली, आणि अजूनही कागदोपत्री मी तुझ्या दुकानात रोज सकाळी दहा ते रात्री नऊ हजर असते.

मला एकच सांग. तुझ्या शांभवीच्या तोंडाला दुकानातली ती गोरं करायची डबी लावताय का? तिच्या शाळेच्या गॅदरिंगचा फोटो एका ओळखीच्या मुलीनं मला दाखवला. तेरा वर्षांची पोर, आणि गाल असे पांढुरके गुलाबी. तो रंग आपल्या घरातला नाही. मला तो लांबूनही ओळखता येतो.

उत्तर दे. मग सहीचं बघू.

रुद्राणी


नांदेड, १९ फेब्रुवारी

अण्णा,

उत्तर नाही. पण पोहोच आली आहे, त्यावर तुझीच सही आहे.

तू गिऱ्हाइकाला काय म्हणायचास ते मला तोंडपाठ आहे. "यात चार अॅक्टिव्ह हायत, ताई. बाजारातल्या क्रीमात एक बी नसतंय. पंधरा दिवसात फरक बघा." आणि फरक पडायचा, हेच तर वाईट. मागच्या खोलीत काचेच्या तुकड्यावर तीन ट्यूबा पिळायच्या, व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडायची, साध्या कोल्ड क्रीममध्ये घोटायचं आणि पारदर्शक डब्यांत भरायचं. वर लेबल नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही. ट्यूबांवर छापलेलं असतं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये. डबीवर काही छापलेलंच नसतं, म्हणून प्रश्नच येत नाही.

मी ज्या दवाखान्यात काम करते तिथले डॉ. गुलाम रसूल चाळीस वर्षं कातडीचेच रोगी बघतात. त्यांनी मला जे शिकवलं ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तुला लिहून देते, कारण तू हे रोज हातानं ढवळतोस आणि तुला ते माहीत नाही.

पहिली ट्यूब रंग तयार होणंच दाबते. डॉक्टरच्या नजरेखाली दोन-तीन महिने लावली तर बायकांच्या गालावरचा वांग उतरतो. वर्षानुवर्षं चोळली तर तिथंच निळसर काळा डाग बसतो. तो जात नाही. दुसरी ट्यूब वरचा जुना थर झडायला लावते, खालून नवी कातडी भरून येते. मुरमांवर आणि सुरकुत्यांवर तिच्यासारखं औषध थोडंच. पण ती वाटाण्याएवढी, झोपताना, आणि दिवसा ऊन टाळून. हे दोन्ही वाईट पदार्थ नाहीत, अण्णा. योग्य हातात ते चेहरा सुधारतात.

तिसरी ट्यूब स्टेरॉइडची. तुझ्या डबीची सगळी करामत तिच्यात. रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, चेहरा पांढरा दिसतो. आणि महिन्या-महिन्याला कातडी पातळ होत जाते. लावायचं थांबवलं की आग होते, पुरळ येतं. मग बाई पुन्हा डबी घ्यायला येते. तू म्हणायचास, "बघ, गिऱ्हाईक किती धरून हाय."

मी एकोणीस वर्षांची असताना तू मला पहिली डबी दिलीस. म्हणालास, "अप्पांचा रंग घेतलायस तू. पाहुणे यायच्या आधी लावून घे." दोन वर्षं लावली. निलंग्याच्या लोकांनी पसंत केली ती पोरगी म्हणजे ती डबी होती. सासरी गेल्यावर ती संपली, दुसरी मागायची लाज वाटली. तीन आठवड्यांत तोंड सोलल्यासारखं झालं, गालांवर लव उगवली. सासू शेजारणीला म्हणाली, "दाखवली ती ही न्हवं. बदलून दिलीय." मी स्वयंपाकघरात होते. सात महिन्यांनी तूच मला न्यायला आलास. एस.टी.त बसल्यावर तुझं पहिलं वाक्य आठवतं का? "तू मधीच बंद केलीस म्हणून झालं."

शांभवीला लावू नका. लावली असेल तर एकदम थांबवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

रुद्राणी


नांदेड, २४ मार्च

अण्णा,

आज दवाखान्यात उदगीरकडच्या दोघी आल्या होत्या, एक मलकापूरची, एक लोणीची. दोघींच्या पिशवीत तीच डबी. मी न विचारता ओळखली.

एक म्हणाली, "वीस दिवसाला पाणी यायलंय बाई. टँकर कवा येईल ते सांगता येत न्हाई, मग सकाळपासून घागर घेऊन उन्हात उभं. तोंड काळं ठिक्कर पडलं. मेडिकलवाला म्हणला, हे लावा." म्हणजे यंदाच्या दुष्काळात तुझ्या डब्या जास्त चालल्या असणार. पाण्याच्या रांगेत रापलेल्या बायकांना तू असं औषध देतोस की ज्यावर ऊन लागलं तर कातडी दुप्पट भाजते. दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा त्याच रांगेत जायचं असतं.

मागच्या पत्रात मी सगळं तुझ्यावर टाकलं. तू वाचताना मनात म्हणाला असशील, ही काय धुतल्या तांदळाची आहे का. नाही. ते मी लिहिलं नव्हतं, आता लिहिते.

लग्नाआधी दहा महिने मी तुझ्या काउंटरवर बसत होते. डी. फार्म. होऊन बसले होते. स्टेरॉइड म्हणजे काय ते पुस्तकात वाचलेलं होतं. तरी मी डब्या दिल्या. तू मला पुढं बसवायचास कारण माझा चेहरा तेव्हा चकाकत होता, आणि मला ते कळत होतं, आवडतही होतं. जन्मात पहिल्यांदा लोक माझ्याकडं वळून बघत होते.

चौबाऱ्याजवळच्या दस्तगीरचाचांची फरीदा, माझ्या वर्गातली. पहिल्या बाळंतपणानंतर तिच्या गालांवर वांग आला होता. ती डबी हातात घेऊन विचारत होती, "रुद्रा, काही होत तर न्हाई ना यानं?" मी म्हणाले, "माझ्या तोंडाकडं बघ की." तिनं बघितलं आणि घेतली. चार वर्षं लावली. आता तिचे दोन्ही गाल शिसाच्या रंगाचे आहेत. तिच्या भावानं मला इथं येऊन सांगितलं, आणि ती माझ्याशी बोलणार नाही हेही सांगितलं.

माझी अट सरळ आहे. डबी बंद कर, दुकानात आणि घरात. मी सही करते. दुकान चालू राहू दे, अप्पांनी ते सचोटीनं चालवलं होतं.

रुद्राणी


नांदेड, २५ एप्रिल

अण्णा,

वैनी आणि शांभवी काल सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळी परत गेल्या. तू त्यांना पाठवलंस. मी हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं. तू त्यांना पाठवलंस.

आता खरं सांगते. गॅदरिंगचा फोटो मी पाहिलाच नव्हता. जानेवारीत वैनीनं शेजारच्या फोनवरून मला विचारलं होतं, "पोरीच्या कपाळावर पुरळ आलंय. ह्यांनी डबी दिलीय. पुढं लावू का न्हाई, तुमी सांगा." मी नको म्हणाले, पण तोवर महिनाभर लावून झालं होतं, आणि थांबवलं की तोंड पेटायचं म्हणून लावणं सुटलं नव्हतं. पाटीचं आणि पेढ्यांचंही तिनंच सांगितलं होतं. तिच्यावर रागावू नकोस.

डॉक्टरांनी भिंग लावून शांभवीचे गाल पाहिले. वैनीला विचारलं, "हे कुणी दिलं?"

वैनी म्हणाली, "मेडिकलवाल्यानं."

"त्याला स्वतःची लेकरं नाहीत का?"

वैनीनं मान खाली घातली. शांभवी माझ्याकडं बघत होती. मी केसपेपरवर तिचं वय लिहून घेतलं.

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. स्टेरॉइड हळूहळू कमी करत बंद करायचं, मध्ये तोंड लाल होईल, घाबरायचं नाही. पुरळासाठी अॅझेलेइक अॅसिड. गहू-जवासारख्या धान्यातही सापडणारं साधं आम्ल आहे ते. मुरमाचे जंतू मारतं आणि मागं उरणारा काळा डागही फिकट करतं. नायसिनामाइड, म्हणजे ब जीवनसत्त्वाचाच एक प्रकार. कातडीतला रंग वरच्या थरात चढू देत नाही आणि पातळ झालेली भिंत पुन्हा बांधायला मदत करतो. ग्लिसरीन असलेलं मलम पाणी धरून ठेवायला, कारण हवाही कोरडी आणि घरात प्यायलाच पाणी नाही, तर तोंड चारदा कोण धुणार. आणि सकाळी झिंक ऑक्साइडचा थर, जो ऊन परतवतो. शांभवी म्हणाली, "शाळेत पांढरं तोंड घेऊन गेले तर पोरी हसतील." डॉक्टर म्हणाले, "हसू दे. तीन महिन्यांनी विचारायला येतील."

मग ती म्हणाली, "यानं मी गोरी होईन का?" डॉक्टर म्हणाले, "नाही. बरी होशील."

माझ्या चेहऱ्याला याच गोष्टींनी तीन वर्षं लागली. गालाच्या हाडावरचं निळं तेवढं राहिलं, लाल शिराही राहिल्या. बाकी कातडी माझी मला परत मिळाली. रंग अप्पांचा आहे.

फॉर्मवर सही केली आणि वैनीच्या पिशवीत ठेवला. तुझ्याकडून शब्द मागितला नाही. लेकीला पाठवलंस, मला तोच शब्द वाटला.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं म्हणून सगळीकडं चर्चा आहे. उदगीरला काय हाल आहेत? कळव.

तुझी रुद्रा


नांदेड, २ जून

अण्णा,

शांभवीची दुसरी तपासणी काल झाली. लाली उतरली आहे, कपाळ जवळजवळ मोकळं झालंय. डॉक्टर खूश होते. मीही होते, पंधरा मिनिटं.

तिला रसवंतीत घेऊन गेले. वैनी औषधं घ्यायला गेली होती. मी सहज म्हणाले, "आता ती डबी घरात नाही ना?"

"न्हाई आत्या. पप्पांनी मम्मीला सांगितलंय, आपल्या घरात ती लावायची न्हाई. ती गिऱ्हाइकांची हाय."

मी विचारलं, "म्हणजे अजून करतात?"

"सुट्टीत मीच डब्या भरायला बसते की. पप्पा म्हणतेत हातमोजे घालून भर, बोटाला लागू देऊ नको."

किती निरागसपणे सांगितलं तिनं. रस पीत होती.

म्हणजे माझी पत्रं तू वाचलीस. एकेक ओळ वाचलीस. तुला ती पटली, इतकी पटली की पोरीच्या हातात मोजे घातलेस. मी आजवर समजत होते की माझ्या भावाला कळत नाही. न कळणाऱ्या माणसाला मी माफ करत आले होते, आणि तसा माणूस तू नव्हतासच.

आणि सही माझी आहे. एप्रिलमध्ये, माझ्या हातानं, सगळं माहीत असताना केलेली. आता तू भरतोस त्या प्रत्येक डबीवर लेबल नसलं तरी नाव माझंच आहे.

पंधरा दिवस थांबते. थांबवलंस तर वैनीकडून निरोप दे.

रुद्राणी


नांदेड, २१ जून

अण्णा,

निरोप आला नाही. उलट वैनीचा फोन बंद लागतो.

शनिवारी मी उदगीरला येऊन गेले. तुझ्या दुकानावरून गेले नाही, मागच्या गल्लीनं फरीदाकडं गेले. दस्तगीरचाचांनी दार उघडलं, मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग फरीदा आली. घरातल्या घरातही तिनं ओढणी नाकापर्यंत ओढलेली होती. बस म्हणाली नाही.

मी उभ्यानंच सांगितलं की मी औषध निरीक्षकांकडं तक्रार करणार आहे, आणि डबी वापरलेल्या बाईचा जबाब जोडला तर बरं होईल.

ती म्हणाली, "तक्रारीत तुझं नाव हाय का?"

"पहिलं."

"वाचून दाखव."

मी वाचलं. मी, रुद्राणी सिद्रामप्पा, नोंदणीकृत फार्मासिस्ट, २०१३पासून दुकानात हजर नसताना माझ्या नावावर दुकान चालू दिलं. त्याआधी मी स्वतः बिनलेबलच्या डब्या विकल्या. यंदा एप्रिलमध्ये सगळं माहीत असून नूतनीकरणावर सही केली. मग तुझं नाव, मग डबीत काय असतं ते.

फरीदानं सगळं ऐकून घेतलं. आत जाऊन एक डबी आणली. "माझ्या नणंदेची पोरगी परवा घेऊन आली. पंधरा वर्षांची हाय. हीच जोड कागदाला." मग सही केली. पेन परत देताना म्हणाली, "तुझ्यासाठी केली न्हाई. आन् परत येऊ नको."

डॉक्टर बघतील, थोडा फरक पडेल, एवढं मी म्हणाले. तिनं दार लावलं.

तक्रार काल रजिस्टरनं गेली. हे पत्र मी मुद्दाम एक दिवस उशिरा टाकते आहे, म्हणजे तू अडवायला आलास तरी उपयोग नाही. मागच्या खोलीतलं धुऊन-पुसून ठेवशील, तेवढा वेळ तुला मिळेल कदाचित. पण फरीदाची डबी धुता येणार नाही.

शांभवीला मात्र आता तिथं बसवू नकोस. कुणी अधिकारी आला तर तिला काय विचारेल याचा विचार कर.

रुद्राणी


नांदेड, ३० जुलै

अण्णा,

तुझं पत्र मिळालं. तीन वर्षांतलं पहिलं. "अप्पांचं दुकान बंद पाडलंस. तुझं तोंड बघायची इच्छा नाही." दोनच ओळी, पण अक्षर तुझं आहे, पेन्सिलीची फुली नाही.

दुकानाला कुलूप लागल्याचं मला कळलं होतं. चौकशी किती दिवस चालेल माहीत नाही. नोंदणी रद्द का करू नये, अशी मलाही नोटीस आली आहे. मी उत्तरात काही नाकारलं नाही. डॉक्टरांना सगळं सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, "निकाल लागेपर्यंत औषधांच्या कपाटाची चावी माझ्याकडं असू द्या." मी दिली. आता मी रोग्यांची नावं लिहून घेते आणि नंबर पुकारते. ते मला चावी परत देतील की नाही, सांगता येत नाही.

तुमच्या गल्लीतल्या बायका मला शिव्या देतात असं ऐकलं. काहींची डबी संपली आणि तोंड पेटलं, त्या डॉक्टरकडं न जाता दुसऱ्या दुकानात गेल्या. तिथं तसलीच मिळते. हेही मला आधी माहीत होतं. माझ्या तक्रारीनं उदगीर सुधारणार नव्हतं. फक्त माझ्या नावावर ते चालणार नव्हतं, एवढंच मला हवं होतं, आणि त्यासाठी वैनीच्या घरातली चूल मंदावली. तिला माझ्या बाजूनं काही सांगू नकोस. तिचा राग खरा आहे.

तुझ्या दोन ओळींपैकी पहिली मी मान्य करते. दुसरीचं मला हसू आलं. पाहुण्यांना दाखवायला, गिऱ्हाइकांना दाखवायला तू माझं तोंड वापरलंस. एस.टी.त माझ्या शेजारी तीन तास बसून आलास, ते पार सोललेलं होतं, आणि तू खिडकीबाहेर बघत होतास. बघायची इच्छा तुला तेव्हाही नव्हती.

शांभवीची शेवटची तपासणी बारा ऑगस्टला आहे. औषध अर्धवट सोडू नका, ऐन सुधारत असताना बंद केलं तर डाग उरतील. फी नाही, मी डॉक्टरांशी बोलले आहे. वैनीला यायचं नसेल तर तू घेऊन ये. त्या दिवशी मी रजा टाकली आहे, दवाखान्यात नसेन.

रुद्राणी